पेटीचं वरचं टोक

मुलगा ठरल्यापेक्षा अकरा दिवस आधी घरी आला. दार उघडलं तर तो बाहेर उभा, खांद्यावर कपड्यांची पिशवी, हातात हत्यारांचा पत्र्याचा डबा, आणि ओठ हलताहेत. मोठीबाईला आधी वाटलं, काही चघळतोय. मग ऐकू आलं. "बेचाळीस," तो म्हणाला. "काय बेचाळीस?" "पायऱ्या. खालपासून." एवढं बोलून तो तिच्या बाजूने आत गेला, जेवायच्या टेबलाशी नेमका तिच्याच खुर्चीत बसला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला. एकोणीस वर्षं मोठीबाई हा जिना चढत होती, गुडघे धड होते तेव्हाही आणि गुडघ्यांनी दगा दिला तेव्हाही, पण पायऱ्या किती हे तिला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यावं असंही कधी वाटलं नव्हतं. पायरी चढायची असते, मोजायची नसते. आणि हा, ज्याला लहानपणी विसाच्या पुढे न्यायचं तर पाठीत धपाटा घालावा लागे, तो भर दुपारी जिना मोजत वर आला होता. तिच्या मनात काहीतरी किंचित सरकलं. फार नाही. टेबलाच्या एका पायाखालची कागदाची घडी निसटावी, एवढंच. पण मग टेबल सरळ राहत नाही.

"सुट्टी?" तिने विचारलं. "नाही." "मग मशीन बंद पडलं?" "मशीनला काय होतंय. मला बोलावलंय. सोमवारी दहाला, शेडमध्ये. चौकशी आहे." स्वयंपाकघरातून सून हात पुसत आली आणि दारातच थांबली. तिला आधीच ठाऊक होतं, हे मोठीबाईने तिच्या थांबण्यावरून ओळखलं. नवऱ्याच्या तोंडून बातमी पहिल्यांदा ऐकणारी बाई अशी थांबत नाही, पुढे येते. म्हणजे फोनवर बोलणं झालेलं होतं, दोघांचं, आणि घरातल्या म्हातारीला कळवायचं कुणालाही सुचलं नव्हतं. "आई," मुलगा म्हणाला, बुटाकडे बघत, "दोनशे सतराच्या पेटीच्या कागदावर सही तू केलीस?" "केली. पेटी बरोबर आहे म्हणून केली." "झालं तर मग," तो म्हणाला, आणि दुसरा बूट काढायचा राहूनच गेला.

शहराच्या टोकाला, गोदामांच्या रांगेत, एक लांबलचक शेड होती. तिथे दगड येत. दूर कुठे ओसाड रानात कंपनीची मशीनं युरेनियम शोधत फिरत, आणि शोधायचं म्हणजे काय, तर जमिनीला भोक पाडायचं. पोकळ रॉडच्या टोकाला हिऱ्याच्या दातांचं कडं, ते फिरत फिरत खाली जातं आणि पोकळीत दगडाची मनगटाएवढी कांडी सोडत जातं. रॉडला रॉड जोडायचा, तीन मीटरचा एकेक, आणि किती जोडले ते ड्रिलरने ध्यानात ठेवायचं, कारण किती खोल गेलो हे सांगायला भोकाला तोंड नसतं. कांड्या वर आल्या की लाकडी पेट्यांत भरून शेडमध्ये. तिथे एक बाई चिखलाच्या पेटीतून कांडी उचलते, दुसरी नळाखाली धुते, तिसरी पुसते, आणि चौथी ती नव्या लोखंडी पेटीत मांडते. पाच खण, एका खणात एक मीटर. पेटीच्या पुढच्या कडेला वरची खोली आणि खालची खोली पांढऱ्या रंगाने लिहिलेली. मांडणारी चुकली तर वरचं खाली आणि खालचं वर, मग पुढे साहेबांनी कितीही नकाशे काढोत. ती मांडणारी चौथी म्हणजे मोठीबाई. तेवीस वर्षं. तिसरीपर्यंतची शाळा, तीही अर्धी, पण तुटक्या कांडीच्या दोन टोकांवरून अंगठा फिरवला की तिला कळे, ही हिचीच की शेजारणीची. मॅडम लोक दगडांना नावं ठेवत, ही त्यांना नाती ठेवत असे. "हा याचा सख्खा," ती म्हणायची, "आणि हा सावत्र, काढा याला बाहेर." शेडमध्ये तिला तिच्या नावाने कुणी हाक मारल्याचं कुणाला आठवत नव्हतं. साहेबसुद्धा मोठीबाईच म्हणत.

आता मुलाने सांगितलं ते असं. गेल्या हंगामात त्याच्या भोकात माल लागला होता. हातभर जाडीची काळी शीर, पण इतकी भारी की टिकटिक्या, म्हणजे किरणं मोजायचं ते हातातलं यंत्र, जवळ नेलं तर कानठळ्या बसाव्यात. त्याच्या रॉडच्या हिशेबाने आणि पेटीच्या मांडणीने ती शीर दोनशे सतरा मीटरवर होती. पण भोक झाल्यावर सळईवाल्याने तारेला बांधून आपलं सळईसारखं किरणं मोजायचं यंत्र भोकात सोडलं, ते दोनशे चौदावर ओरडलं. साहेब म्हणाले तार ताणली गेली असेल, पेटी खरी. पेटीवर भरवसा ठेवून शेजारी दोन भोकं पाडली, तिरक्या शिरेला दोनशे सतराचा नेम धरून. दोन्ही कोरडी. हंगाम गेला. मग कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला की फरक नेमका तीन मीटरचा आहे, आणि तीन मीटर म्हणजे एक रॉड. "म्हणजे मी एक रॉड जास्त मोजला," मुलगा म्हणाला. "ड्रिलरला मीटरवर पैसे मिळतात, आई. एक रॉड जास्त म्हणजे चूक नाही. चोरी."

"मग मोजलास का जास्त?" मोठीबाईने विचारलं. सुनेने मान वर केली. "मला वाटतं नाही," मुलगा म्हणाला. "वाटतं म्हणजे? आहे की नाही?" "आई, आठ महिने झाले. बहात्तर रॉड. मी रोज रात्री डोळे मिटून परत जोडतो. कधी बहात्तर भरतात, कधी एक्काहत्तर." तेव्हा तिला कळलं, जिना का मोजला. माणसाचा स्वतःवरचा भरवसा उडाला की तो आधी साध्या गोष्टी तपासून बघतो, पायऱ्या, बोटं. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरी गोष्ट कळली, ती जास्त झोंबली. पंधरा दिवसांपूर्वी शेडमधल्या दगड तपासणाऱ्या मॅडम तिच्याजवळ आल्या होत्या, कानातली वायर काढून, गोड बोलत. मोठीबाई, ही पेटी तुम्हीच लावली होती ना, काही इकडचं तिकडे झालं नसेल ना. हिने पदराला हात पुसत उत्तर दिलं होतं, "मॅडम, एक वेळ सूर्य मावळतीला उगवेल." मॅडम हसल्या, कागद पुढे केला, हिने जीभ दातात धरून आपली चार अक्षरं काढली. कशासाठी, ते मॅडमने सांगितलं नाही आणि हिनेही विचारलं नाही, कारण न विचारता सही करण्यात एक ऐट असते. पेटी बरोबर, सळई बरोबर, तर उरला कोण? आईच्या सहीने लेकराच्या गळ्याला दोरी. मॅडमना ठाऊक होतं हा कुणाचा मुलगा ते. गोड बोलणाऱ्याच्या पोटात काय असतं ते गोड बोलणाऱ्यालाच ठाऊक.

त्या संध्याकाळी मोठीबाई खिडकीशी बसून एकेकाला मनातल्या मनात समोर उभं करत राहिली. सळईवाला पहिला. साहेबांच्या मेव्हण्याचा मित्र, त्याच वशिल्याने चिकटलेला, तार गुंडाळताना फोनवर बोलणारा. त्याची तार खोटी बोलली नसेल कशावरून? पण खोटं बोलणारी तार नेमकी तीन मीटरच कशी बोलेल, हे तिला जुळेना, आणि जे जुळत नाही ते ती खणात ठेवत नसे. मग मॅडम. तीन वर्षांपूर्वी आलेली पोर, कांडी धुऊन पेटीत मांडली की पेटीच्या आकड्यांवरून तिच्यावर खालच्या दिशेचा बाण काढणं तिचं काम. पूर्वी बाण मशीनवरच काढत, पण चिखलात पेन्सिल धरत नाही म्हणून आता शेडमध्ये. बाण मॅडमचा हात काढतो, हात मॅडमचा, मग मान कुणाची? मग पहारेकरी, ज्याच्याकडे किल्ल्या. मग तिच्याच हाताखालची पुसणारी, तिसरी, जिचा डोळा सहा वर्षं चौथीच्या जागेवर आहे, जी एकदा म्हणाली होती, "मोठीबाई, तुम्ही जरा बसा, मी मांडते दोन खण," आणि हिने म्हटलं होतं, "बसायला मी काय पाहुणी आहे?" तेव्हापासून ती पुसणारी कांडी देताना डोळ्याला डोळा देत नाही. तिने मागाहून एखादी पेटी उघडून वरखाली केली असेल तर? शेडमध्ये काय, हात सगळ्यांना आहेत. समोरच्या इमारतीत दिवे लागत गेले तसतसे मोठीबाईच्या डोक्यात संशयित वाढत गेले, आणि गंमत अशी की प्रत्येक जण येताना खात्रीचा वाटे आणि जाताना खांदे उडवून जाई.

रविवारी सकाळी मुलगा अंघोळीला गेला आणि मोठीबाईने त्याची पिशवी उघडली. ती स्वतःला सांगत होती की मळके कपडे काढतेय. कपडे काढले, नीट बाजूला ठेवले, आणि मग हात तळाशी गेला. एक वही होती, पाच पाच रेघांच्या जुड्या मारलेली, रॉडचा हिशेब. एक जाड सुती पँट होती, तिच्या मांडीवर खडूच्या पांढऱ्या रेघा, अर्धवट पुसलेल्या. ती पँट हातात घेऊन ती तशीच बसली. ह्या रेघा तिने आयुष्यभर धुतल्या होत्या. नवराही ड्रिलर, त्याचीही मोजायची हीच रीत, रॉड चढला की मांडीवर रेघ. मशीनवर गेला तो तिथेच गेला, छातीत कळ येऊन, आणि कंपनीने तिला शेडमध्ये घेतलं. चांगला माणूस होता, हसरा. पण एकदा, महिनाअखेर होती, त्याने घरी येऊन दाराआड हसत हसत सांगितलं होतं की आज एक रेघ फुकटची मारली, जमिनीला कळलं नाही. नऊ दिवस ती त्याच्याशी बोलली नव्हती. दहाव्या दिवशी बोलली ती एवढंच, "जमिनीला कळलं नाही, मला कळलं." त्यानंतर त्याने परत तसं केलं की नाही, तिला ठाऊक नाही. त्याने परत सांगितलं नाही, एवढं ठाऊक. आता त्याच्या मुलाच्या मांडीवरच्या रेघा ती बोटाने मोजायला लागली, आणि मोजता मोजता तिला स्वतःची शिसारी आली, तरी बोट थांबेना. रक्त म्हणजे काय, तेही एक भोकच, वरून किती खोल ते दिसत नाही.

"सापडलं का काही?" सून मागे उभी होती. "काय सापडायचंय? धुवायला काढतेय." "वहीपण धुणार?" मोठीबाईने वही ठेवली. "तुझी जीभ फार चालते." "तुमच्याच घरात शिकले," सून म्हणाली, आणि पिशवीची चेन ओढून घेतली. जराशाने, आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्हाला खरंच वाटतं त्यांनी केलं असेल?" "तुला काय वाटतं?" "मला काय वाटायचं. त्या दिवशी आम्ही भांडलो होतो फोनवर. बाळाच्या शाळेवरून. मी मध्येच फोन ठेवला. मला वाटतं, त्या रागात त्यांच्या हातून एखादा रॉड..." सुनेचे डोळे भरून आले होते, आणि मोठीबाईला आयुष्यात पहिल्यांदा ती पोर आवडली, आणि लगेच मनात आलं, बरी सापडलीस, ही एक जागा बघितलीच नव्हती. असं हे मन. दया करायला निघतं आणि वाटेत झडती घेतं.

दुपारी जेवणं झाली. मुलगा पुन्हा तिच्याच खुर्चीत बसून राहिला, भिंतीकडे बघत, आणि त्याला ऊठ म्हणावंसं तिला वाटेना, म्हणून ती टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसली. रविवार म्हणजे गोळ्यांचा दिवस. टेबलावर सात खणांची प्लास्टिकची डबी कायम एकाच जागी असे, साती झाकणं उघडी करून ती पुढच्या आठवड्याच्या गोळ्या भरत असे. रोजची रक्तदाबाची बारकी, आणि हाडांची ती बोटभर पांढरी, आठवड्यातून एकदाच, सोमवारी, उपाशीपोटी. झाकणांवर वारांची अक्षरं होती ती तिने कधी वाचली नाहीत, वाचायची गरज काय, सोमवार पहिला असतो आणि पहिलं डावीकडे असतं. तिने पांढरी पहिल्या खणात टाकली, मग बारक्या एकेक. सून टेबल पुसायला आली आणि थांबली. "आई, सोमवारची गोळी रविवारात टाकलीत." "काहीतरीच." "बघा ना. हा र आहे." "तू डबी फिरवलीस," मोठीबाई म्हणाली. तोंडातून आपोआप आलं, विचार न करता, जसं इतकी वर्षं येत होतं. "मी हातसुद्धा लावला नाही." "मग ह्याने फिरवली." सुनेने मान हलवली. "आई, डबी आहे तिथेच आहे. तुम्ही उलट्या बाजूला बसलायत."

सुनेने पांढरी गोळी उचलून दुसऱ्या टोकाच्या खणात टाकली, झाकणं टक टक लावली, फडकं घेऊन आत गेली. त्या झाकणांच्या आवाजाबरोबर मोठीबाईच्या आत एकेक खण उघडत गेला. दोनशे सतराची पेटी लावली त्या दिवशी शेडमध्ये माणसं माईनात. भारी माल लागला म्हणून वरून तिघे-चौघे मोठे लोक आले होते, चकचकीत बुटांचे, नवीन पिवळ्या टोप्या घातलेले, आणि एक फोटोवाला. टिकटिक्या ओरडत होता आणि ते लहान मुलांसारखे हसत होते. तिचं टेबल नळाशी, खिडकीसमोर. फोटोवाला म्हणाला उजेड ह्या बाजूला चांगला आहे, आणि सगळे तिच्या बाजूला येऊन उभे राहिले, लोखंडी पेटीच्या पुढच्या कडेवर हात टेकून, जिथे आकडे लिहिलेले असतात. तिला कुणी बाजूला हो म्हणालं नाही, तेवढीसुद्धा तसदी नाही. एकाने फक्त पाठीने सरकवलं, कपाट सरकवावं तसं. तिने म्हणायला हवं होतं, साहेब, ही माझी जागा आहे, पेटी इथूनच लागते. म्हणाली नाही. तोंड शिवून, मान ताठ करून, टेबलाला वळसा घालून ती पलीकडे गेली. तुम्ही तिकडे उभे राहा, मी इकडून मांडते, माझ्या हाताला काय, दोन्ही बाजू सारख्या. पुसणारी कांड्या क्रमानेच देत होती, पहिली, दुसरी, तिसरी. आणि हिने पहिली कांडी डावीकडच्या पहिल्या खणात ठेवली, तेवीस वर्षं ठेवत आली तशी. फक्त तिचं डावं त्या दिवशी पेटीचं उजवं होतं. आकडे पलीकडच्या कडेला, साहेबांच्या हातांखाली. माल तिखट म्हणून हातात जाड मोजे घालायची सक्ती, अंगठा मोजा काढून फिरवायचा तो फिरवलाच नाही, आधीच्या पेटीशी जोड जुळतो का ते बघितलंच नाही. वरून एक मीटरवरची शीर खालून एक मीटरवर जाऊन बसली. पाच मीटरच्या पेटीत एवढा फरक म्हणजे किती, हे तिने बोटांवर मोजलं, मुलगा समोर बसलेला असताना, टेबलाखाली. तीन.

पहिल्यांदा तिला जे वाटलं ते दुःख नव्हतं. राग होता, त्या पिवळ्या टोपीवाल्याचा. मग पुसणारीचा, तिने कांड्या देताना दोन्ही बाजू बघितल्या असतील, मुद्दाम गप्प बसली. मग मॅडमचा, बाण काढताना आंधळी होती का? संशय हा सवयीचा बैल, त्याला मोकळं सोडलं तरी तो ओळखीच्याच शेतात शिरतो. ती एकेकाला पुन्हा बोलवत राहिली आणि ह्या वेळी कुणी आलंच नाही. समोर मुलगा बसला होता. त्याच्या कानाजवळ पांढरे केस आले होते, ते ह्या दोन महिन्यांतले की आधीपासूनचे, तिला सांगता आलं नसतं. त्याला सांगावं, असं तिच्या मनात आलं, आणि ते तसंच राहिलं. सांगितलं तर उद्या साहेबांसमोर जायचंच आहे असं ठरतं. न सांगितलं तर ठरायचं अजून बाकी असतं.

सोमवारी बसमध्ये दोघं शेजारी बसले. खिडकीबाहेर गोदामं सुरू झाली. ती विचार करत होती की बाण मॅडमचा आहे. कागदावर आपली सही आहे, पण बाणावर मॅडमची अक्षरं आहेत, आणि बाण चुकलेला आहे हे कुठल्याही कोर्टात खरंच ठरेल. एवढं म्हटलं तरी मुलगा सुटतो. खोटंही नाही, अर्धं खरं. मॅडम शिकलेली आहे, तिला दुसरीकडे काम मिळेल. हिला काय मिळेल? हिच्याजवळ आहे काय, एक अंगठा आणि एक शब्द. "आई," मुलगा म्हणाला, "तू काही बोलू नकोस तिथे. मी कबूल करतो. चूक झाली म्हणतो, चोरी नाही. कदाचित एवढ्यावर भागेल." "कबूल? काय कबूल?" "एक्काहत्तर होते म्हणून." "होते का एक्काहत्तर?" "आता मला तसंच आठवतंय," तो म्हणाला, अगदी शांतपणे. पोराने न केलेली चोरी त्याला आठवायला लागली होती.

शेडमध्ये टेबलाशी साहेब, मॅडम आणि सळईवाला. भिंतीकडेला तिच्या तिघी, हात बांधून, पुसणारी सगळ्यात मागे. दोनशे सतराची पेटी आणून ठेवलेली होती, कांड्या आता लांबीत अर्ध्या चिरलेल्या, अर्धा भाग तपासायला गेलेला, अर्धा इथे. साहेबांनी मुलाला बसा म्हटलं. तो बसला नाही, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मोठीबाई म्हणाली, "पेटी मी उलटी लावली."

साहेबांनी चष्मा काढला. "मोठीबाई, बसा." "बसायला नाही आले. फोटोच्या दिवशी तुम्ही सगळे माझ्या बाजूला उभे होतात. मी पलीकडून मांडली. वरचं टोक खाली गेलं." साहेब इतक्या मऊ आवाजात बोलले की तिला थोबाडीत मारल्यासारखं झालं. "तुम्ही आई आहात. मी समजू शकतो." "काय समजू शकता?" "कुणाचीही आई हेच म्हणेल." मॅडमने फाइलमधून तो कागद काढून टेबलावर ठेवला, चार अक्षरांचा. "पंधरा दिवसांपूर्वी तुम्हीच म्हणालात ना, सूर्य मावळतीला उगवेल?" सळईवाला हसला, आणि हसू खोकल्यात घातलं. मुलगा म्हणाला, "आई, राहू दे. साहेब, ती माझ्यासाठी बोलतेय." तोही. तेवीस वर्षं ती जे बोलली ते ह्या शेडमध्ये वजनाने घेतलं गेलं, उलटं बोलली तेव्हासुद्धा, आणि आज पहिल्यांदा ती स्वतःच्या विरुद्ध खरं बोलत होती तर तिचा शब्द कुणी हातात धरायला तयार नव्हतं. दुसऱ्यांकडे ज्या डोळ्यांनी ती कालपर्यंत बघत होती, ते सगळे डोळे आता तिच्याकडे वळले होते, आणि त्यांच्यात दयाही होती, म्हणजे झडतीच.

"आधीची पेटी काढा," ती म्हणाली. "दोनशे आठ ते दोनशे तेराची." साहेबांनी हात वर केला, नको अशा अर्थी. कुणी हललं नाही. मग मागून पुसणारी निघाली, फळीवरून पेटी ओढली, एकटीने, वजनाने वाकत, आणि टेबलावर आणून ठेवली. मोठीबाईने हातमोजा काढला. मॅडम म्हणाल्या, "मोजा घाला," तिने ऐकलं नाही. आधीच्या पेटीतली शेवटची अर्धी कांडी तिने उचलली. मग दोनशे सतराच्या पेटीतली शेवटच्या खणातली शेवटची, मॅडमचा बाण असलेली, ती उचलली, उलटी केली, आणि दोन्हींची तोंडं एकमेकींना लावली. पेटी भरली की मशीनवर कांडी हातोडीने तोडतात, त्यामुळे असा जोड नेहमी नीट बसतोच असं नाही. हा बसला. मधून नख गेलं नसतं. एका कांडीत सुताएवढी पांढरी रेघ तिरकी येत होती ती तुटल्या जागी थांबली नाही, दुसरीत सरळ पुढे गेली. मोठीबाईने मॅडमचा हात धरला, मोजा ओढून काढला, आणि त्या पोरीचा अंगठा जोडावर टेकवला. "फिरवा. सख्खा की सावत्र?"

मॅडमने अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मग बाणाकडे बघत राहिल्या, स्वतःच्याच, वर तोंड केलेल्या. "सख्खा," त्या हळूच म्हणाल्या. मुलगा टेबलाजवळ आला. त्याने दगडाकडे बघितलं नाही, आईकडे बघितलं, आणि तिची पिशवी उगाच या हातातून त्या हातात घेतली. साहेबांची नजर वर गेली. शेडच्या त्या टोकापर्यंत, छताला टेकलेल्या फळ्यांवर, पेट्यांवर पेट्या, कडेला पांढरे आकडे. "आणि ह्या?" त्यांनी विचारलं. रागाने नाही, खरंच विचारलं. "ह्यांत असं कधी झालं असेल का?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मोठीबाईजवळ तेवीस वर्षं तयार होतं. ते वर आलं, दातांपर्यंत आलं, आणि तिथेच अडलं. तिने फळ्यांकडे बघितलं. एकेक पेटी तिच्या हातची, आणि एकेक आज गप्प, काही माहीत असून न सांगणाऱ्या माणसासारखी. किती वेळा अंग मोडून आलं होतं, किती वेळा नवऱ्याची आठवण, किती वेळा नुसता राग. कुठल्या दिवशी ती कुठल्या बाजूला उभी होती?

"झालं असेल," ती म्हणाली. "काढा एकेक. सगळ्या बघू." मग मुलाला म्हणाली, "तू खालच्या फळीपासून दे." आणि मागे वळून पुसणारीला, "तू ये इकडे." पुसणारी आली, पण टेबलापासून हातभर लांब थांबली. "कुठल्या बाजूला उभी राहू, मोठीबाई?"

"माझ्या," मोठीबाई म्हणाली, आणि खिडकीसमोरची आपली जागा तिला देऊन स्वतः बाजूला सरकली. "अंगठा तुझा फिरव. मी चुकले असेन तिथे बोल. माझ्या तोंडाकडे बघत बसू नकोस."